फोटोबाहेर राहिलेले हात

माझा फोटो परदेशातल्या बातम्यांत आला तेव्हा मी कारखान्यात काजू फोडत बसले होते. मोबाईल वाजला. मोबाईल वाजला की मी आधी वाईटच धरते, ही माझी जुनी खोड. भरदुपारी कुणी चांगली बातमी सांगायला फोन करेल यावर माझा विश्वासच नाही. काजूच्या चिकानं काळे झालेले हात पदराला पुसले आणि कसाबसा तो कानाला लावला. घरमालकीण होती. मी त्यांना काकी म्हणते.

"गो बाय, तू रडतंस कित्याक?"

"मी? काकी, मी काजू फोडतेय."

"मगे हो फोटो कोणाचो? लंडनसून झिलान धाडलो. तोंड वासून रडतंस, दोनूय हात पसरून. खाली इंग्लिशीत कायतरी लिवलांहा. तो इचारता, आई, आमच्या बांदार ही कोण भीक मागता?"

भीक हा शब्द ऐकला आणि शेजारच्या बाईला "जरा बघ गं माझं" सांगून मी बाहेर आले. पाऊस लागला होता. पत्र्याच्या कडेला उभी राहून मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. गॅस, दोन पेट्या, देवाचा फोटो. मी अशीच आहे. कुणी नुसतं खाकरलं तरी मला वाटतं, आता आपल्याला जा म्हणणार.

मी मूळची चंदगडकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि मी डिचोलीला आले. आमचे हे खनिजाच्या ट्रकवर होते. घरात, भातात, न्हाणीतल्या बादलीत, सगळीकडं तांबडी धूळ. पावसाळ्यात खाणीवरचा गाळ शेतात उतरायचा आणि आम्ही बायका दुसऱ्यांच्या शेतातून तो खरवडून काढायला मजुरीनं जायचो. मग खाणी बंद पडल्या, ट्रक जागच्या जागी गंजले. यांना मुरगावच्या बंदरात काम मिळालं आणि मला पेडण्यात, काजूच्या कारखान्यात. हे रविवारी येतात.

काकींच्या परसात माडाखाली एक खोली आहे. ती बघायला गेले तेव्हा कागदपत्रं एका पिशवीत नीट घालून नेली होती. काकींनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मासळी खातंस?" एवढंच विचारलं. खाते म्हटलं. "मगे ऱ्हव." ह्या दोन शब्दांचे उपकार मी विसरणार नाही.

पण गाव म्हणजे नुसत्या काकी नव्हेत. घाटावरून आला तो घाटी, हा गोव्यातला साधा हिशेब. बसमध्ये बसायला जागा नसली की घाट्यांमुळं, बाजारात भाजी महागली की घाट्यांमुळं. कुणी दुष्टपणानं म्हणतं असं नाही, तोंडात बसलंय. तरी मी रस्त्यानं कडेकडेनं चालायची. कुणीतरी एक दिवस दारात उभं राहून विचारेल, "तू हंयची कोण?" आणि माझ्याकडं उत्तर नसेल, ही भीती मी उशाशी घेऊन झोपायची.

आणि आता हा फोटो.

तो कसा निघाला ते सांगायचं तर आधी बांध सांगायला हवा. आमच्या गावापाशी नदी समुद्राला टेकत आलेली. समुद्राची भरती नदीतून उलटी चढते आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पुन्हा उतरते. नदीकाठची शेतं नदीच्या पाण्याहून खोल आहेत. मधे काय, तर मातीचा बांध. तो गावानं घातला, गावच राखतं. आषाढातल्या पुनवेच्या उधाणाला, वरून डोंगराचं पाणी आणि खालून समुद्राचं असं दोन्हीकडून रेटा बसला आणि बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. बैलगाडी आरामात जाईल एवढं. खारं पाणी लावणी झालेल्या शेतांत शिरलं. आमच्याकडचं कोरगुट भात खारं पाणी थोडं सोसतं, पण पुढचं अवसेचं उधाण आलं आणि खांड उघडीच राहिली तर काही सोसायला उरणार नव्हतं. एकदा मीठ मुरलं की जमीन काही वर्षं रुसते.

देवळातला ढोल वाजला. रीत अशी, की बांध फुटला तर घरामागे एक माणूस उतरतं. श्रीमंत असो, गरीब असो, नोकरीवाला असो. काकींचा मुलगा लंडनला, एका गोदामात. काकींचे गुडघे धरलेले. त्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या कठड्याच्या ओट्यावर, बसून ढोल ऐकत होत्या. मी विचारलं, "काकी, मी जाऊ तुमच्या घरातून?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, चुकलं काहीतरी. "जा गो," म्हणाल्या. "पण कोण काय बोल्लो तर माका सांग."

कामाआधी गाऱ्हाणं घालतात. बांधाच्या टोकाला राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, पाषाणी आहे, तिच्यापुढं नारळ धरून गावकार, गावचे पहिले मानकरी, उभे राहिले. पांढऱ्या मिशा, कमरेला पंचा; सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांनी आवाज लावला:

"बा राखणदारा म्हाराजा! पुनवेच्या उधाणान आमच्या बांदाक खांड पडली. ती आज तुझी लेकरां बुजवूक इलीहत. वयल्या वाड्यान मेढी हाडूच्यो, सकयल्या वाड्यान चुडतां आणि गवात हाडूचां, देवळाकडच्या घरांनी खांडीत उतराचां. ज्या घरान आज व्हय म्हटलां, त्या घरान अवसेपर्यंत पाठ फिरव नये, असां कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम.

मला आधी वाटलं, देवाला साकडं घालतायत. मग कळलं, कोण मेढी, म्हणजे ठोकायचे लाकडी खांब, आणणार, कोण माडाच्या झावळ्या आणणार, कोण पाण्यात उतरणार, ही सगळी वाटणी त्यातच झाली. देवाला सांगितलं म्हणजे सगळ्यांच्या कानावर गेलं, आणि व्हय म्हटलं म्हणजे माघार नाही. आबांनी घरांची नावं एकेक करून घेतली. काकींचं घर घेतलं तेव्हा मी व्हय म्हटलं, हळूच, त्यांच्या घराच्या आडोशानं. माडाखालच्या खोलीचं नाव कुणी घेतलं नाही. कशाला घेतील? ते घर थोडंच होतं.

काम फक्त सुकतीला. पाणी उतरलं की माणसं उतरायची, मेढी ठोकायच्या, झावळ्या आणि गवत अंथरायचं, वर चिखलाचे गोळे थापायचे. भरती चढू लागली की सगळे वर. वाहत्या खांडीत भरतीला उतरणं म्हणजे जीव द्यायला जाणं. मग बसायचं. कुणी विडी ओढतं, कुणी पाववाल्या पोदेराचा पाव चहात बुडवून खातं, कुणी पंचा डोक्यावर घेऊन डुलकी काढतं. पाणी आपल्या डोळ्यांदेखत शेतात जातंय आणि आपण बसलोय, हे बघवत नाही, पण दुसरा इलाज नसतो.

कॅमेरेवाले नेमके भरतीला आले.

एक उंच गोरा माणूस, एक कॅमेरा धरणारा आणि पणजीची एक दुभाषी पोरगी. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. घामानं निथळत होता, चहा दिला तर दोन्ही हातांनी घेतला. त्यांनी लांबून, पाण्यापलीकडून आमचं चित्रण केलं. आम्ही ओळीनं बसलेलो, डोक्यावर पंचे, पदर. आबांनी त्यांना समोरचा डोंगर दाखवला. तिथं यंत्रं लावून अख्खी कूस कापली आहे आणि पाऊस पडला की ती माती नदीत उतरते. नदीत वाळू कुठं उपसतात तेही हात करून दाखवलं. पोरगी इंग्रजीत सांगत होती, तो मान हलवत होता. काकी आपली प्लास्टिकची कदेल, म्हणजे खुर्ची, बांधावर आणून बसल्या होत्या आणि मोबाईलवर त्या गोऱ्याचंच चित्रण करत होत्या. त्या रोज काहीतरी चित्रण करून मुलाला पाठवतात. माड पडला, मांजर व्याली, काहीही. मुलगा रोज एकच सांगतो, आई, मोबाईल सरळ धर.

पाणी वळलं. आबांनी रोजच्यासारखं गाऱ्हाणं घातलं, आम्ही हात जोडून व्हय म्हटलं. कॅमेरा चालूच होता. मग मी खांडीच्या कडेला उतरले, गुडघाभर चिखलात. वर आबा. ते चिखलाचा गोळा सोडणार, मी झेलून पुढं देणार. पाऊस असा कोसळत होता की शेजारचं बोललेलं ऐकू येईना. मी दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन ओरडले, "सोडा आबा!"

बस, तेवढंच. पाऊस वाढला तसा त्यांनी कॅमेऱ्यावर प्लास्टिक घातलं आणि गाडीत जाऊन बसले. गाडी गेली. आमचं काम नुकतं सुरू होत होतं.

त्या संध्याकाळी, म्हणजे फोटो आला त्या दिवशी, काकींच्या बाल्कांवात आम्ही सगळे मोबाईलभोवती जमलो. पलीकडून काकींचा मुलगा बोलत होता.

"आई, बातमीत त्यांनी म्हटलां, ही माणसां नशिबार हवालो ठेवून बसलीहत. कोणीतरी येतलो आणि वाचयतलो म्हणून वाट बघतत. पिढ्यानपिढ्या अशीच जगतत म्हणे, आणि निसर्ग कोपलो की देवाक हाक मारतत. वैनीच्या फोटोखाली लिवलांहा, गावातली बाई मदतीसाठी हात पसरता."

"आणि डोंगर?" आबांनी विचारलं.

"खंयचो डोंगर?"

"अरे, मी दाखयलो तो! कापलेलो!"

"डोंगर नाय, आबा. वाळूचांय काय नाय. माड आसत, समुद्र आसा, आणि वैनी आसा." मग तो पुढं सांगू लागला. "हंय गोदामात सगळे माझ्या पाठीर हात ठेवतत. एका बाईन माका जाकीट दिलां. तुझ्या आईक घाल म्हणाली."

"माका जाकीट?" काकी उसळल्या. "हंय घामान माझो जीव जाता!"

सगळे हसले. मीही हसले, पण माझे कान वाजत होते. कारण मागं कठड्यावर बसलेला एक तरुण, देवळाकडच्या घरातला, अगदी सहज म्हणाला, "घाटीण उभी केली काय असांच जातलां. गावची बाई आसती तर अशी रडली नसती."

मला वाटलं, आलाच तो दिवस. लंडनहून बघणाऱ्यानं मला भिकारीण केलं आणि चार हातांवर बसलेल्यानं मला घाटीण केलं. दोघांनाही मी दिसले होते, आणि दोघांनीही विचारलं नव्हतं, की बाई, तू करत काय होतीस.

आबा मोबाईल घेऊन बसले होते. दोन बोटांनी फोटो मोठा करत होते, लहान करत होते, डोळ्यांजवळ नेत होते. मग एकदम गरजले,

"माझे हात खंय?"

"काय आबा?"

"हाताच्या वर माझे हात होते! चिखलाचो गोळो होतो! माझे हात कोणी कापले?" मग त्या तरुणाकडं वळून, "आणि तू रे? ती रडली? ती माका हुकूम देयत होती, हुकूम! सोडा आबा म्हणून. ह्या बांदार आजपर्यंत गावकाराक कोणी हुकूम दिलो नाय. तुझ्या आज्यानसुद्धा!"

आता हशा असा पिकला की पलीकडून काकींचा मुलगा "काय जालां, काय जालां" विचारत राहिला. तो तरुण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. आबांनी मला शाबासकी दिली की तक्रार केली, हे मला तेव्हा कळलं नाही. पण त्या रात्री सामान बांधायचं मी मनातून काढून टाकलं.

काकींच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. "माझ्याकडे आसा," त्या म्हणाल्या. "मोबाईलात. त्या दिसाचां सगळां."

आणि होतं. तिरकं, हलणारं, एका कोपऱ्यात काकींचं बोट, आणि वरून त्यांचं बोलणं, "हो बघ गोरो चाय पिता... हो बघ आबा..." पण त्यात सगळं होतं. आबा डोंगराकडं हात करताना. गाऱ्हाण्यातली वाटणी. मी हात वर केलेले, "सोडा आबा!" हे स्पष्ट, आणि वरून आबांचे चिखलानं माखलेले हात, त्यांतून सुटलेला गोळा, मी तो झेलून पुढं देताना. आणि गाडी गेल्यावर आमची अख्खी ओळ, पाणी पुन्हा चढेपर्यंत.

"आई," मुलगा म्हणाला, "जल्मात पयल्यांदा तू बरां चित्रण केलंस. धाड माका." त्यानं ते त्या वाहिनीला पाठवलं, मागं लागून लागून पाठवलं. त्याच्या गोदामातल्या लोकांनीही पाठवलं, ती जाकीटवाली बाई सगळ्यांत पुढं. पणजीच्या दुभाषी पोरीला काकींनी फोन लावला. ती दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून एकटीच आली. "मी सगळं सांगितलं होतं त्यांना, आबा," म्हणाली. डोळे भरलेले.

"तुझो दोष नाय, बाय," आबा म्हणाले. "पण आता भरतीक येवन भरतीक जाव नको. सुकतीक बस."

ती बसली. वाहिनीकडून मात्र दिवसांमागून दिवस काही उत्तर नाही.

उत्तर आलं ते माझ्या माहेराहून. दादाचा फोन.

"गोवा बुडालाय म्हणं. तुझा फोटो अख्ख्या गावात फिरायलाय. आई जेवायला तयार नाही. मी येतोय न्यायला."

"दादा, मी बरी हाय. कामावर हाय."

"बरी असतीस तर रडली असतीस?"

"अरे मी रडत नव्हते!"

"मग काय गात होतीस?"

अवसेच्या आदल्या दिवशी तो आला. दोडामार्गावरून, बस बदलत बदलत, खांद्यावर एवढं मोठं बोचकं. आत जुन्या साड्या, बिस्किटाचे पुडे, मेणबत्त्या, काडेपेट्या. गावातल्या बायकांनी पूरग्रस्तांसाठी जमवलेलं. त्याला वाटलं होतं मी कुठल्यातरी शाळेच्या व्हरांड्यात पोतं पांघरून बसलेली असेन. मी काकींच्या स्वयंपाकघरात नारळ खवत होते. दोन दिवसांत श्रावण लागणार, म्हणून काकींनी नदीतल्या मासळीची आमटी टाकली होती, सारा परस घमघमत होता.

दादा दारातच थबकला. बोचकं खांद्यावर तसंच. "बुडालेलं गाव कुठाय?"

"बस रे पावण्या," काकी म्हणाल्या. "आदी जेव. मगे बुडतलो."

जेवण उरकलं आणि ढोल वाजला. पाणी उतरलं होतं. हीच शेवटची मोठी सुकती, आणि खांडीचं तोंड अजून हातभर उघडं. मेढी होत्या, झावळ्या होत्या, पण मधोमध टाकलेला चिखल पाणी धुऊन नेत होतं. पोती संपली होती. दादा बोचकं बांधावर टेकवून, हात कमरेला लावून बघत उभा राहिला. शेतकरीच तो, बांध त्याला नवा नव्हता.

"पावण्यानू," आबा खालून म्हणाले, "बघूक पैशे पडत नाय, पण चपला काडल्यात तर बरां. तुमची भयण खाली आसा."

दादानं चपला काढल्या. मग माझ्याकडं पाहिलं, मग बोचक्याकडं. "साड्या चालतील?" त्यानं विचारलं.

पूरग्रस्तांसाठी आलेल्या त्या साड्या आम्ही बांधावर पसरल्या. एकेकीत चिखल आणि गवत भरलं, गुंडाळलं, सुतळीनं आवळलं, अंथरुणाच्या वळकट्यांसारखं. सगळ्यांत खालची हिरवी, काठ विरलेली, मी लांबूनच ओळखली. आईची होती. ती नेसून ती मला शाळेत सोडायला यायची. "आईची आहे," मी आबांना म्हटलं. दादानं ती स्वतः भरली, स्वतः आवळली आणि खांडीत उतरून मधोमध बसवली. मी वरून गोळे सोडत होते, तो खालून ओरडत होता, "सोड की! झोपलीस काय!" आणि आबा हसून हसून खोकत होते. "घरात हुकुमाचीच रीत दिसता!"

तो कठड्यावरचा तरुणही आमच्याच ओळीत होता. एक वळकटी माझ्या हातात देताना खाली मान घालून म्हणाला, "वैनी, धर." याआधी त्यानं मला कधी काही म्हणून हाक मारली नव्हती.

अवसेला दुपारी उधाण चढलं. त्या दिवशी करायला काही नव्हतं. अख्खं गाव बांधावर उभं. तांबडं पाणी चढत होतं, मेढींवर, झावळ्यांवर, वळकट्यांवर. बांध गेला तर शेतं जाणार होती, ते तर खरंच. पण मला वाटत होतं, त्याबरोबर मीही जाणार. फोटोतली रडकी बाई खरी ठरणार. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर उरलं तेव्हा थांबलं. थांबलं की अजून चढतंय, कळेना. मग एक वाळकं पान, जे इतका वेळ डोंगराकडं चाललं होतं, जागच्या जागी फिरलं आणि समुद्राकडं निघालं.

कुणीतरी किंचाळलं. ढोल वाजला. पोरांनी शेतात उड्या टाकल्या. दादा मला गदागदा हलवत होता, "थांबलं गं! थांबलं!" बांधाच्या अलीकडं भाताची रोपं उभी होती, थोडी पिवळी, पण उभी.

आबा पाषाणीपुढं गेले. नारळ धरला. सगळे पाषाणीभोवती गोळा झाले.

"बा राखणदारा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी खांड बुजयली. वयल्या वाड्याच्यो मेढी, सकयल्या वाड्याची चुडतां, देवळाकडच्या घरांचो घाम, सगळो तुझ्या पायाकडे इलो." एकेक घर घेत गेले. काकींचं घर आलं, मी व्हय म्हटलं. आबा पुढं गेले नाहीत. दम घेतला.

"आणि माडाखालचां घर. घाटावयल्या आमच्या लेकीचां. तिचे हात, तिच्या भावाचे हात, तिच्या आवशीचां लुगडां, ह्या बांदात आसत. आजपासून बांदाक हाक पडली तर त्या घरामागे एक माणूस मोजूचां आणि बांदावयलो मान त्या घराक गावासारखो देवचो, असां कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढा मोठा व्हय मी पूर्वी ऐकला नव्हता. तो तरुण तर नरडं फुटेस्तोवर ओरडला. मलाही म्हणायचं होतं, माझ्याच घराचं नाव होतं ते, पण व्हय राहूनच गेलं. मी रडत होते. खरोखरीची, तोंड वासून, हात जोडलेले. आणि काकींनी खुर्चीवरून मोबाईल उचलला.

"काकी, आता नको!"

"गप ऱ्हव गो. आताच तर बरी रडतंस."

दादा दुसऱ्या दिवशी गेला, मला न घेता. चंदगडला पोचल्यावर फोन केला तेव्हा मागून आईचा आवाज येत होता, साडी कुठाय म्हणून. "तुझी साडी गोव्याचं पाणी अडवून बसलीय," तो तिला सांगत होता. आई त्या दिवशी दोनदा जेवली म्हणे.

श्रावणात वाहिनीचं उत्तर आलं. त्यांनी फोटो बदलला, म्हणजे पुरा लावला. खालची ओळही बदलली. गावकरी आपला बांध स्वतः दुरुस्त करतायत, असं आता तिथं आहे. पणजीच्या पोरीनं सुकतीला बसून केलेलं चित्रणही त्यांनी दाखवलं, आणि त्यात डोंगर आहे, कापलेली तांबडी कूस आहे, आबांचं बोट तिकडं आहे. काकींच्या मुलानं गोदामातल्या सगळ्यांना दाखवलं. जाकीट मात्र त्या बाईनं परत घेतलं नाही. ते इथं आलं, आता काकींची मांजर त्यावर झोपते.

तो अर्धा फोटो अजून कुठंकुठं फिरतो, मला माहीत आहे. परवा मुरगावला यांच्या बरोबरच्या कुणीतरी दाखवला. डोंगरावर यंत्रंही अधूनमधून वाजतात, आणि आबा दर वेळी पंचायतीत जाऊन भांडून येतात. मी आता त्यांच्याबरोबर जाते. बोलत नाही फार, पण जाते, आणि रस्त्याच्या कडेनं चालत नाही.

पुरा फोटो काकींनी मोठा करून बाल्कांवात लावला आहे. पाहुणा आला की आबा त्याला पहिल्यांदा तिथं नेतात.

"हे बघा, हे माझे हात."

"आणि ही बाई कोण?"

"ती? ती आमची. हुकूम देता."